सात काळ्या बोटांचा फिल्टर

ऐका, मी भरभर सांगतो. स्वस्थ बसून बोलणं माझ्या स्वभावातच नाही, आणि आज तर मुळीच जमणार नाही. मी एक फिल्टर आहे. पिण्याच्या पाण्याचा नव्हे हो, तो वेगळा. मी मायक्रोवेव्ह लहरींचा. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, मागच्या बाजूच्या खोलीत, या अठ्ठ्याऐंशी सालीच जन्मलो. अजून वर्ष पुरतं झालं नाही आणि जीव टांगणीला लागलाय.

माझं काम सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. हवेत हजार तऱ्हेच्या लहरी भटकत असतात. रेडिओच्या, विमानांच्या, उपग्रहांच्या. लग्नाच्या मांडवाच्या दाराशी मुलीचा एखादा मामा उभा असतो बघा, आपलं माणूस कोण आणि नुसतं जेवायला घुसलेलं कोण हे ओळखणारा. मी तो मामा. ठरलेल्या पट्टीतल्या, म्हणजे ठरावीक कंपनांच्या, लहरी आत सोडायच्या, बाकीच्यांना दारातूनच वाटेला लावायचं. त्यात माझी पट्टी चांगली रुंद हवी, असा सुमतीचा हट्ट. म्हणजे एकदोघांना नव्हे, अख्ख्या वऱ्हाडाला आत घ्यायचं, पण परका एकही नको. डोक्याला ताप नुसता!

सुमती म्हणजे मला घडवणारी. कॉलेजात तिला मॅडम म्हणतात, मी आपलं सुमतीच म्हणतो. नागपूरच्या महाल भागातल्या कोष्ट्याची पोर. बाप नाही. आई गोदूबाई अजून घरी मागावर बसते आणि नऊवारी पातळं विणते. सुमती अभ्यास करायची ती मागाच्या खटखटीत, त्यामुळे तिला शांत खोलीत काही सुचतच नाही. पाय हलवत बसते, पेन्सिल टेबलावर आपटते. माझी ही चुळबुळ कुणाकडून आली ते आलं ना ध्यानात?

तर झालं असं, की फिल्टर लहान हवा आणि पट्टी रुंदही हवी, ह्या दोन गोष्टी सहज एकत्र नांदत नाहीत. डबा लहान केला की आतले भाग बारीक होतात, आणि बारीक तांबं लहरींना वाटेतच खाऊन टाकतं. सुमतीने आधी तांब्याचा एक फिल्टर केला होता. तो माझा थोरला भाऊ. मोजमाप तेच, बाहेरचा पितळी डबाही तसाच, तळहातावर मावणारा. पण आत गेलेली लहर बाहेर येताना निम्मीशिम्मी, बाकीची पठ्ठ्याने पचवलेली! आणि वर चकचकीत चेहरा करून बसलेला. मला तो पहिल्यापासून आवडत नाही.

मग सत्त्याऐंशी साली पेपरात बातम्या झळकल्या. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांची पूड भाजून एक काळा दगड तयार होतो, त्याला द्रवरूप नायट्रोजनात बुडवलं की वीज त्याच्यातून विनाअडथळा जाते. अतिवाहक म्हणतात त्याला. सुमतीने ती बातमी वाचली आणि तिची झोपच उडाली. तांब्याच्या जागी हा दगड घातला तर लहान शरीरातही लहर खाल्ली जाणार नाही! तिने दिल्लीला अर्ज केला, खटपटी केल्या आणि ती मागची खोली मिळवली.

माझ्या पोटात सात काळी बोटं आहेत. चार एका भिंतीतून निघालेली, तीन समोरच्या. दोन्ही हातांची बोटं न टेकवता एकमेकांत घालून बघा, तसा मी आतून दिसतो. एका बोटात लहर थरथरली की शेजारच्याला कळतं, त्याच्याकडून पुढच्याला. बोटांमधली फट जितकी अरुंद, तितकी ती एकमेकांचं जास्त ऐकतात आणि पट्टी रुंद होते. पण टेकली की खेळ खलास. त्यात भट्टीत बोट आक्रसतं. कच्चं असताना बरोबर असतं, भाजून निघालं की आखूड आणि वर वाकडंही. सुमतीने किती बोटं फेकली म्हणता! एकदा चिडून भट्टीवर थाप मारली आणि हात भाजून घेतला. मग मात्र तिने किती आक्रसणार ते आधीच धरून मोठी बोटं दाबायला सुरुवात केली, आणि मी जमलो.

जमलो, पण जिवंत नाही झालो. खोलीतल्या उकाड्यात मी नुसता ठोंब्या. लहर आली की धडपडते, अडकते, मरते. मला आतून सगळं कळतं आणि काही करता येत नाही. मला गारवा लागतो, आणि तोही साधासुधा नाही. द्रवरूप नायट्रोजन नागपुरात मिळायचा कुठे? तर गुरांच्या दवाखान्यात. तिथे चांगल्या वळूंचं बीज त्याच्यात गोठवून ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेतला रुपराव आपल्या लुनावर कॅन बांधून तिकडे जायचा आणि वाफा सोडत परत यायचा.

"मॅडम, लोकं रस्त्यानं वरडून राहिले होते, लुना पेटली म्हणून," असं म्हणत तो एकदा कॅन घेऊन आत आला. "अन् डॉक्टर म्हणे, आता कमी न्या. गाई-म्हशीवाले येऊन बसले आहेत तिकडे."

"म्हशींना म्हणावं, दिवाळी सरेपर्यंत दम धरा," सुमती म्हणाली आणि तिने मला बुडवलं.

काय सांगू तो पहिला गारवा! अंगातली सगळी तडफड एकदम मोकळी झाली. लहरी या तोंडातून आल्या, बोटाबोटांवरून सरकल्या आणि त्या तोंडातून बाहेर पडल्या, जशा आल्या तशा. मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढली, ओट्यासारखी सपाट झाली आणि पलीकडे सरळ खाली उतरली. सुमती उठून उभी राहिली, बसली, परत उठली.

"रुपराव, पाहा नं गा, पाहा!"

"पाहून राहिलो मॅडम. चांगलं आहे नं पण हे?"

"चांगलं म्हणजे! एकदम मस्त!"

"मंग रडता काहून?"

मला फार आनंद झाला होता. लपवत नाही. आपण ज्यासाठी जन्मलो ते एकदा तरी धड करता आलं, याहून काय पाहिजे?

आता माझी खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. मला ओल सोसत नाही. ओल लागली की माझ्या अंगावर पांढरट हिरवा पापुद्रा धरतो आणि अतिवाहकपण जातं. म्हणून नायट्रोजनातून काढलं की सुमती मला दिव्याच्या उबेत वाळवायची आणि निळ्या खड्यांच्या बरणीत ठेवायची. ते खडे हवेतली ओल ओढून घेतात.

दिल्लीहून समिती यायची होती, दिवाळीनंतर, कार्तिकी पौर्णिमेच्या आधी. मी त्यांच्यासमोर चाललो तर काम पुढे चालू राहणार. नाही चाललो तर खोली परत, सामान परत, आणि सुमतीची ती तात्पुरती नोकरीही गेली. सगळं माझ्यावर. मला बरणीत बसून नुसतं चुळबुळायला व्हायचं. बोलवा ना त्यांना लवकर, उगाच दिवस कशाला घालवता!

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. सुताराच्या घरी करवत पुजतात, ड्रायव्हर गाडी धुतो, कोष्ट्याच्या घरी माग. प्रयोगशाळेतही रुपरावने यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सुमतीच्या मनात आलं, पूजा आईच्या हातून व्हावी. गोदूबाई पहिल्यांदाच कॉलेजात आल्या. नवं लुगडं, हातात ताट, आणि चेहऱ्यावर इतका धाक की पायरी चढताना त्यांनी पायरीलाही नमस्कार केला.

सुमतीने मला बरणीतून काढलं, झाकण उघडलं आणि आईपुढे धरलं. "ही पाय वं आई. तुह्या मागाची फणी. तुह्या फणीतून ताणे जाते, माह्या फणीतून लहरी."

"बाप्पा! तूनं केलं हे? सगळं?"

"सगळं."

गोदूबाईंचे डोळे भरून आले. मग बाहेर आनंदरावांनी सुमतीला हाक मारली. आनंदराव म्हणजे विभागप्रमुख. ती मला टेबलावर ठेवून गेली. झाकण बाजूलाच.

गोदूबाईंनी यंत्रांना कुंकू लावलं, मग माझ्यापाशी आल्या. घरी त्या फणी ओल्या फडक्याने हळूच पुसतात, हळदकुंकू कालवून लावतात आणि फूल वाहतात. माझंही तेच केलं. एकेका बोटावर ओली हळद, ओलं कुंकू. एकही बोट सोडलं नाही. वरून भिजवलेल्या झेंडूच्या पाकळ्या. आणि दृष्ट लागू नये म्हणून झाकण लावून त्यावरही कुंकू लावलं. अहो, मी आतून किंचाळत होतो! गोदूबाई, दुसरं काहीही करा, मला उचलून आपटा, पण हे नको! पण माझं कोण ऐकणार? आणि खरं सांगू का, इतक्या मायेने मला तोवर कुणी हात लावला नव्हता. राग यावा तरी कुणाचा?

सुमती आली. झाकण लावलेलं पाहिलं, वरचं कुंकू पाहिलं, हसली. पुजलेली अवजारं दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने मला तसंच राहू दिलं. मी त्या डब्यात ओल्या पाकळ्यांबरोबर कोंडलेला, बाहेर सोनं लुटायची गडबड, आणि माझ्या बोटांवर पापुद्रा चढत चाललेला.

दसऱ्यानंतर तिने झाकण उघडलं. बघत राहिली. मग मला पुसलं, वाळवलं, बुडवलं. गारवा तोच, पण मी तो नव्हतो. रेघ ओट्यासारखी कुठली, ढासळलेल्या बांधासारखी दिसत होती. तिने तसंच मला पिशवीत घातलं आणि घर गाठलं.

"हे पाय! हे पाय काय केलं तूनं!" तिने मला गोदूबाईंच्या पुढ्यात आदळलं. "वल लागून सडलं हे. तुले कोणी सांगितलं होतं हात लावाले?"

गोदूबाई मागावरून उठल्या. त्यांना आधी कळेचना. "मी तं पूजाच केली नं वं."

"कायची पूजा! माही दोन वर्षं पाण्यात घातली तूनं!"

गोदूबाईंनी मला पाहिलं. बोटांवरचा हिरवट पांढरा थर पाहिला. मग आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. त्या दिवसापासून त्यांनी सुमतीच्या पिशवीला, पुस्तकाला, कशालाच हात लावला नाही. ताट वाढायच्या तेही जरा लांबून सरकवायच्या. परत कॉलेजात नेईपर्यंत मी तिथेच होतो, आणि मला ते बघवत नव्हतं.

नवी पूड करायची तर यिट्रियम संपलेलं. मागवलं तर यायला उन्हाळा उजाडला असता. आनंदराव कॉलेजातल्या आमच्या खोलीत आले. माणूस वाईट नाही. खोली जाऊ नये म्हणून त्यांनाही घोर लागलेला.

"सुमतीबाई, तांब्याचा आहे नं तुमच्याजवळ?"

"आहे सर. पण तो तांब्याचा आहे."

"डबा तं सारखाच आहे. नायट्रोजनात बुडवला की वाफच वाफ. कोण उघडून पाहते? रेघ थोडी खाली येते, तं म्हणा, सुधारणा चालू आहे. खोली राहिली तं पुढच्या वर्षी खरा बनवा. खोलीच गेली तं कुठं बनवता?"

ते गेल्यावर सुमतीने माझ्यावर चिकटवलेली नावाची पट्टी नखाने उचकटली आणि तांब्याच्या डब्यावर लावली. माझं नाव! त्या लहरी खाणाऱ्याच्या अंगावर! मला इतका संताप आला, इतका, की त्या वेळी कुणी मला नायट्रोजनात टाकलं असतं तरी मी थंड झालो नसतो. पण सुमतीकडे पाहिलं आणि संताप जिरला. ती टेबलावर डोकं टेकून बसली होती, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा पाय हलत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत तिने मला निळ्या खड्यांच्या बरणीसकट घरी आणलं. का, कोण जाणे. फेकवत नसेल. भाऊबीज होऊन गेली. काल दुपारी ती आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू मनाले लावून घेऊ नको. काम भागते. तांब्याचा ठेवून देईन मी त्यायच्यापुढं. कोणाले समजत नाही."

माग थांबला. गोदूबाईंनी विचारलं, "म्हणजे खोटंच दाखवशीन?"

"एक डाव."

"माह्या चुकीपायी तुले खोटं बोला लागते?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला बरणीतून कसाबसा ऐकू आला. "मंग तं मी तुहं सगळंच बुडवलं, माय. आधी हे काळं, आता तुहं तोंड."

त्या रडल्या नाहीत. पण सुमती रडली. चांगली हमसून रडली. मी तिला बोटं बिघडल्यावर पाहिलंय, हात भाजल्यावर पाहिलंय, पण असं नाही. मग नाक पुसून उठली आणि येरझारा घालायला लागली. खोली केवढी, चार पावलं इकडे, चार तिकडे. मध्येच थांबली.

"आई, हे कुटता येते."

"काय?"

"हे बोटं. यायले फोडाचं, बारीक कुटाचं, परत दाबाचं, परत भाजाचं. भट्टीत वल उडून जाते, सगळं जळून जाते. पूड तीच राहते. थोडी सांडन, थोडी उडन. सात बोटं नाही होणार. पाच होतीन."

"पाचानं चालते?"

"फटी अजून बारीक केल्या तं चालते. पट्टी रुंद राहते. कडा जराशी उतरती होईन, पण मी सांगीन तसं. डबा तं अजून लहान होईन!" आणि तिचा पाय हलायला लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आज सकाळी रुपराव लुनावरून अकीकाच्या कडक दगडाचा खल घेऊन आला. "मॅडम, सुट्टीत किल्ली घेतली म्हणून वॉचमन बोंबलून राहिला होता. म्हटलं, दिवाळीचा फराळ कुटाचा आहे," असं म्हणून त्याने खल पाटावर ठेवला. सुमतीने माझी बोटं एकेक करून भिंतीपासून सोडवली आहेत. खरवडून, वाळवून खलात टाकली आहेत. डबा रिकामा पडलाय. म्हणजे मी आता खरा कुठे आहे, डब्यात की खलात, मलाही सांगता येणार नाही. पण बोलतोय तोवर आहे.

सुमतीने बत्ता आईपुढे धरला. "घे."

गोदूबाईंनी हात पदरातच ठेवले. "मी नाही लावत हात. तूच कुट."

"दुपारभर कुटा लागते आई. माह्या एकटीच्या मनगटानं नाही होत. तूनं जन्मभर माग वढला. तुह्या हाताले दम आहे."

"अन् पुन्हा बिघडलं तं?"

"तं रिकाम्या हातानं उभी राहीन त्यायच्यापुढं. सांगीन, जमलं होतं, बिघडलं, पुन्हा केलं, नाही जमलं. तांब्याचा नाही ठेवणार." रुपरावकडून तांब्याच्या डब्यावरून काढवून आणलेली माझ्या नावाची पट्टी तिने पाटाच्या कडेला चिकटवली.

गोदूबाईंनी खलाकडे पाहिलं. मग पदर सोडला. हात बाहेर आले. ते चुलीच्या उबेपाशी धरून, उलटेसुलटे करून त्यांनी खडखडीत वाळवले. आता बत्ता त्यांच्या हातात आहे. माझ्या अंगावर धरलाय, पण खाली येत नाही. मला दिसतंय ना सगळं.

गोदूबाई, मी बोलतोय. तुम्हाला ऐकू येत नाही, ठाऊक आहे, तरी बोलतो. भट्टीतून मी परत येईन की नाही, मला माहीत नाही. आलो तरी मी तोच असेन की दुसरा कुणी, तेही माहीत नाही. पण तुमच्या पोरीपाशी दिवस थोडे उरलेत, आणि तिने तुमच्यापुढे हात पसरलाय. त्या दिवशी तुम्ही मला फुलासारखं जपलंत. आज नका जपू. मोडा मला, पीठ करा माझं.

हाणा, गोदूबाई. जोरात हाणा.